‘आपण’ हरलो म्हणजे कोण?

काकांनी पेढ्यांचा फोटो टाकला तेव्हा सांगलीत रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि इकडे अमेरिकेत, आयोवातल्या कोरलव्हिलला रविवारची दुपार होती. २ नोव्हेंबर. नवी मुंबईत हरमनप्रीतने मागे पळत जाऊन शेवटचा झेल घेतला, दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी हरली आणि आमच्या घराण्याच्या ग्रुपवर अर्ध्या तासात शंभरेक मेसेज पडले. मी पहाटेपासून जागा होतो. त्याच रात्री इकडे घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे गजराचा घोळ झाला. साडेतीनला उठून बसलो तर तिकडे पाऊस, आणि सामना सुरू होईपर्यंत इथले साडेपाच वाजले. बाहेर अंधार, आत मी, चहा, आणि कुणाला हाक मारून उठवावं असं घरात कोणी नाही. बायको म्हणाली, जिंकले तर सांग.

पेढे काकांनी आधीच आणून ठेवले होते. म्हटलं, बघा, माणूस बदलतो.

सोमवारी सकाळी काकांचा पहिला मेसेज आला : खरं श्रेय अमोलचं. अमोल मुझुमदारबद्दल मला काडीचाही आकस नाही. सचिन-कांबळीने ६६४ धावा ठोकल्या तेव्हा पॅड बांधून बसून राहिलेल्या त्या माणसाला शेवटी काही मिळालं याचा मलाही आनंदच झाला. पण शेफालीच्या ८७ धावा, दीप्तीच्या ५८ धावा आणि पाच बळी, त्याआधी उपांत्य सामन्यात जेमिमाच्या नाबाद १२७, एवढं सगळं बघून झाल्यावर पहिली आठवण कोचची यावी? मी गप्प बसलो. मंगळवारी दुसरा मेसेज : कौतुक आहेच, पण हे समान मानधन वगैरे लाड नकोत. आधी लोक बघू देत, मग पैसे. एरवी बघतं कोण?

आणि गुरुवारी तिसरा. त्यांची नात, म्हणजे माझ्या चुलतभावाची मुलगी, नववीत आहे, शाळेकडून बास्केटबॉल खेळते आणि तिच्या संघाची विभागीय स्पर्धेसाठी निवड झाली आहे. त्यावर काकांनी लिहिलं की आता दहावीचा क्लास लागेल, हे नाचणं-उड्या मारणं बंद. खेळून पोट भरत नाही.

रविवारी पेढे आणि गुरुवारी हे.

मी जे उत्तर लिहिलं ते फोनवर चार वेळा बोट फिरवल्यावर संपेल एवढं लांब होतं. त्यात आयोवा होतं, इथल्या विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलेली केटलिन क्लार्क होती, आकडे होते. काकांनी दोन शब्दांत निकाल लावला : तिकडचं तिकडे. मग खाली अजून एक ओळ. ‘मार्चमध्ये तू ग्रुपवर ‘आपण हरलो’ लिहिलं होतंस, मी घाबरून टीव्ही लावला, भारताची मॅचच नव्हती. हे आपण म्हणजे कोण?’

त्यावर तीन हसणाऱ्या बाहुल्या आल्या. त्यातली एक माझ्या सख्ख्या ताईची होती.

तर आधी हे मार्चचं सांगतो. आमचं आयोवा म्हणजे लोकसंख्येने सांगली जिल्ह्यापेक्षा थोडंसंच मोठं राज्य, बत्तीस लाखांचं. कुठल्याही मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ इथे नाही. त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच गावाचा, तालुक्याचा आणि राज्याचा संघ. मार्चच्या मध्याला कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू होते. ६८ संघ, हरला की घरी, तीन आठवड्यांत एक संघ उरतो. ऑफिसात सगळे ब्रॅकेट, म्हणजे कोण कुणाला हरवणार याचा तक्ता, भरतात. मीही भरतो आणि दरवर्षी आयोवाला शेवटपर्यंत नेतो, त्यामुळे दरवर्षी माझे पाच डॉलर जातात. २०२५ च्या मार्चमध्ये ओक्लाहोमाने दुसऱ्याच फेरीत आम्हाला ९६-६२ असं धुतलं. तेव्हा मी लिहिलं होतं ‘आपण हरलो’. चुकून सांगलीच्या ग्रुपवर गेलं.

चुकून असं मी म्हणतो खरं.

हा नाद मला शेजारच्या आजींनी लावला. आता त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत, उंची अजूनही माझ्यापेक्षा जास्त. पहिल्या हिवाळ्यात माझा ड्राइव्हवे बर्फात बुडाला होता आणि मी हाय-व्हीतून आणलेलं प्लास्टिकचं फावडं घेऊन त्याच्याशी झटापट करत होतो. आजी त्यांचं यंत्र ढकलत आल्या, दहा मिनिटांत रस्ता मोकळा केला आणि म्हणाल्या, गुरुवारी संध्याकाळी मोकळा आहेस का, माझ्याकडे एक तिकीट जास्तीचं आहे. त्यांच्या यजमानांची खुर्ची. ते गेल्यावरही आजींनी दोन्ही तिकिटं चालू ठेवली होती. कार्व्हर-हॉकआय अरीना १९८३ साली उघडलं तेव्हापासूनच्या त्या जागा. टेकडीत खोल खणलेलं ते मैदान, वरून आत शिरायचं आणि उतरत उतरत खाली जायचं. मी आत पाऊल टाकलं आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की आजूबाजूला सगळ्या आज्या आहेत. पिवळे स्वेटर, काळ्या पँटी, काहींच्या हातात विणकाम. आणि या बायका रेफरीला जे बोलत होत्या ते मला इथे लिहिता येणार नाही.

आजी स्वतः खेळलेल्या, १९५०च्या दशकात, आयोवाच्या पद्धतीचं बास्केटबॉल. ते प्रकरण अजब होतं. संघात पाचऐवजी सहा मुली. तीन फॉरवर्ड मैदानाच्या एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात. मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. चेंडू दोनदाच आपटायचा, मग पास तरी द्यायचा नाहीतर टाकायचा. का, तर पूर्ण मैदान धावणं पोरींच्या नाजूक तब्येतीला झेपणार नाही. गार्ड असलेली मुलगी चार वर्षं खेळली तरी एकदाही बास्केट मारायची नाही. ऐकून मी हसलो. आजी म्हणाल्या, हस, पण आमचा सामना असला की गावातली दुकानं बंद व्हायची, मुलांच्या सामन्याला नाही व्हायची.

मला वाटलं थाप असेल. नंतर बघितलं तर खरं निघालं. १९२५ साली शहरातल्या शाळांनी मुलींच्या स्पर्धा बंद करायचं ठरवलं, मुलींना शोभत नाही म्हणून. तेव्हा खेड्यापाड्यांतले शाळाप्रमुख उठले आणि त्यांनी मुलींसाठी वेगळी संघटनाच काढली. त्यांतल्या एकाने भर सभेत सुनावलं होतं की हा खेळ बंद करायला जाल तर रुळांच्या मधोमध उभे असाल आणि आगगाडी अंगावरून जाईल. मग डे मॉइनला मुलींची राज्य स्पर्धा भरू लागली, ती टीव्हीवर दिसू लागली, तिच्या तिकिटांसाठी मारामारी होऊ लागली. १९६८ च्या अंतिम सामन्यात दोन खेड्यांच्या शाळांनी मिळून २२० गुण केले. त्यात चमकलेल्या डेनीस लाँग नावाच्या मुलीला पुढल्या वर्षी एनबीएच्या सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, घेतलं. मुलांच्या लीगमध्ये! लीगने ती निवड रद्द केली हे ओघाने आलंच. आत्ताची आयोवाची कोच जॅन जेन्सन हीसुद्धा याच खेळातली, शाळेच्या शेवटच्या वर्षी सामन्यामागे सरासरी ६६ गुण मारणारी. ही सहा जणींची पद्धत संपली १९९३ मध्ये. हे साल लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

आता काकांच्या ‘बघतं कोण’कडे येतो. आयोवातल्या त्या शेतकऱ्यांना स्त्रीमुक्तीचा गंधही नव्हता. मका निघालेला, बाहेर उणे पंधरा, करमणूक शून्य, शाळेत जेमतेम शंभर पोरं. शेजारच्या गावाला हरवायचं एवढीच खुमखुमी. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडाला जी असते तीच. फरक इतकाच की त्यांनी फडात पोरी उतरवल्या, आणि आपल्या फडात बायकांनी यायचं कुठे हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. क्लार्क २०२० मध्ये वेस्ट डे मॉइनमधून आयोवा सिटीला आली तेव्हा तिला बघणारी माणसं आधीच शंभर वर्षं खुर्चीवर बसलेली होती. पुढे २०२३-२४ च्या मोसमाची सगळी तिकिटं मोसमाआधीच संपली, तोवर आजींची दोन तिकिटं चाळीस वर्षं जुनी झाली होती.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये फुटबॉलच्या किनिक स्टेडियममध्ये मोकळ्या आभाळाखाली मुलींचा सराव सामना ठेवला होता. वारा असा की चेंडू रिंगकडे जाता जाता विचार बदलायचा. प्रेक्षक ५५,६४६. मी, माझी लेक आणि आजी. आजींनी मांडीवर दोन ब्लँकेटं घेतली होती, केसीजचा पिझ्झा दस्ताना न काढता खात होत्या. मध्येच म्हणाल्या, वॉर्म-अपला तुझ्याकडे बघून हसली ना, तीच ती. क्लार्क माझ्याकडे बघून हसली नव्हती. पण मी तेव्हा काही बोललो नाही आणि नंतर ऑफिसात सांगितलं की हसली.

२०२४ च्या मोसमातलं किती सांगू? फेब्रुवारीत मिशिगनविरुद्ध तिने जवळजवळ मैदानाच्या मधूनच चेंडू फेकून केल्सी प्लमचा कॉलेज-कारकिर्दीतल्या ३,५२७ गुणांचा विक्रम मोडला. मार्चमध्ये पीट मॅराविचचा ३,६६७ चा, म्हणजे पुरुषांचा. एप्रिलच्या १ तारखेला ऑल्बनीत लुइझियाना स्टेटला हरवलं, तिचे ४१ गुण. ५ एप्रिलला क्लीव्हलंडला उपांत्य सामना, समोर कनेटिकट. ७०-६९, चार सेकंदही उरलेले नाहीत, चेंडू त्यांचा. आणि शिट्टी वाजली. त्यांच्या आलिया एडवर्ड्सने स्क्रीन लावताना, म्हणजे आमच्या खेळाडूची वाट अडवून उभी राहताना, अंग हलवलं म्हणून फाउल. चेंडू आमचा, सामना ७१-६९. अर्धा देश म्हणत होता की अशा क्षणी असला फाउल देत नाहीत. मी सोमवारी ऑफिसात तीन जणांशी भांडलो. नियम म्हणजे नियम, पाय हलला म्हणजे हलला, पायचीत असेल तर शेवटच्या षटकातही पायचीतच. माझ्या ऑफिसात पायचीत कुणाला कळत नाही, त्यामुळे मी जिंकलो.

७ एप्रिलला साउथ कॅरोलायनाने आम्हाला ८७-७५ असं हरवलं. कोच डॉन स्टेलीचा हा संघ मोसमात एकही सामना न हरता ३८-० वर थांबला. तो अंतिम सामना टीव्हीवर सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी बघितला. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा पुरुषांचा अंतिम सामना १ कोटी ४८ लाखांनी. हा आकडा मी काकांना पाठवला होता, बाजूला भरपूर उद्गारचिन्हं टाकून.

न पाठवलेले आकडेही आहेत. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, क्लार्क नसताना मुलींच्या अंतिम सामन्याचे प्रेक्षक निम्म्याहून खाली आले. म्हणजे ‘लोक खेळ बघत नाहीत, एका पोरीला बघतात’ असं काका म्हणू शकले असते आणि मला तोंड लपवायला लागलं असतं. दुसरा आकडा त्यांनी स्वतःच शोधला. हा माणूस निवृत्त झाल्यापासून धोकादायक झालाय. क्लार्कला व्यावसायिक लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलं, तिचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर, साठ-पासष्ट लाख रुपये. आणि आमच्या सांगलीच्या स्मृतीला २०२३ च्या डब्ल्यूपीएल लिलावात बंगळुरूने ३ कोटी ४० लाखांना घेतलं होतं, तीन-चार आठवड्यांच्या स्पर्धेसाठी. काकांनी लिहिलं, ‘मग तुमची अमेरिका मागासलेली का आमची सांगली?’ बुटांच्या नि सरबतांच्या जाहिरातींतून क्लार्कला किती मिळालं असेल ते वेगळं, असं मी म्हणालो. म्हणताना माझं मलाच ते लंगडं वाटलं. आणि काकांच्याही लक्षात आलं नाही की तीन कोटी चाळीस लाख हे माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. २०२३ मध्ये पाच संघ साडेचार हजार कोटींच्या वर विकले गेले तेव्हा तरी कोण बघत होतं? आधी पैसा ओतला, मग लोक आले. त्याच्या आधी, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, बोर्डाने सामन्याचं मानधन पुरुषांइतकं केलं, कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६, ट्वेंटीला ३. तीन वर्षांत विश्वचषक. एवढा साधा त्रैराशिक हिशोब आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला मी का समजावतोय?

इथलं सगळं गोड आहे असं मी ग्रुपवर भासवतो, तेही खरं नाही. १९७२ साली निक्सनने सही केलेल्या ‘टायटल नाइन’ या सदतीस शब्दांच्या कायद्यात खेळाचं नावसुद्धा नाही. शिक्षणात लिंगभेद नको एवढंच त्यात आहे, आणि त्याच्यावर पन्नास वर्षं कोर्टात भांडून मुलींना मैदानं मिळाली. आयोवा विद्यापीठात मुलींच्या क्रीडा विभागाचं काम क्रिस्टीन ग्रँट या बाईंनी सांभाळलं. त्या मूळच्या स्कॉटलंडच्या, म्हणजे बाहेरूनच आलेल्या. आणि एवढं होऊन २०२१ मध्ये काय दिसलं? करोनामुळे मुलींची सगळी स्पर्धा टेक्ससमध्ये सॅन अँटोनियोला, मुलांची इंडियानापोलिसला. ओरेगनच्या सेडोना प्रिन्सने फोनवर व्हिडिओ काढला. मुलांना व्यायामासाठी अख्खा हॉल भरून वजनं, मुलींना डंबेलांचा एक टीचभर स्टँड. आयोजक म्हणाले जागा नव्हती. तिने कॅमेरा फिरवला, मागे रिकामा हॉल पसरलेला. ‘मार्च मॅडनेस’ हे नावसुद्धा तोवर फक्त मुलांच्या स्पर्धेला लावायचे, मुलींना ते २०२२ पासून मिळालं. तो व्हिडिओ लेकीने मला दाखवला तेव्हा मी म्हणालो होतो, निदान इथे बोंब मारली की दुसऱ्या दिवशी वजनं येतात. तिने विचारलं, तिकडे येत नाहीत? मी म्हणालो, तिकडे हॉल तरी कुठे असतो.

हे मी फार सराईतपणे म्हणतो. वीस वर्षं झाली, सवय झालीय.

२०२३ चं एक राहिलंय, ते सांगायची इच्छा नव्हती. त्या वर्षी डॅलसला अंतिम सामन्यात लुइझियाना स्टेटने आम्हाला १०२-८५ असं हरवलं. सामना संपता संपता त्यांची एंजल रीस क्लार्कसमोर गेली, चेहऱ्यासमोर हात हलवला, मग बोटाकडे बोट दाखवलं, इथे आता विजेतेपदाची अंगठी येणार म्हणून. आमच्याकडे तो सामना बघायला मराठी मंडळातली चार कुटुंबं जमली होती. कुणीतरी म्हणालं, संस्कार नाहीत. मी म्हणालो, अगदीच नाहीत. मोठ्याने म्हणालो. लेक तेव्हा पंधरा वर्षांची. ती म्हणाली, ‘बाबा, लुईव्हिलच्या मॅचला केटलिनने हेच केलं होतं. तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास.’ खोली एकदम गप्प झाली. पावभाजी घ्या, पावभाजी घ्या, असं बायको म्हणाली.

क्लार्क गोरी, रीस काळी. आयोवा किती गोरं आहे हे कार्व्हरच्या वरच्या दरवाजातून खाली बघितलं की कळतं. त्या पिवळ्या समुद्रात माझ्यासारखे हाताच्या बोटांवर. आणि तरी, किंवा म्हणूनच, सगळ्यांत आधी ‘संस्कार’ मीच काढले. हा शब्द आपल्याकडे कुणाकुणाला उद्देशून आणि कुणाच्या दिवाणखान्यात बसून वापरतात ते मी लहानपणापासून ऐकलंय. तो मी सामानात भरून इथवर आणला होता आणि योग्य गिऱ्हाईक मिळाल्याबरोबर बाहेर काढला, हे मला लेकीने दाखवेपर्यंत दिसलं नाही. आजींना नंतर विचारलं, तुम्हाला काय वाटलं? आजी म्हणाल्या, त्या पोरीने रिबाउंड किती घेतले बघितलेस ना, मग तिला काय हवं ते करू दे.

आता १९९३. ताई नववीत, मी सातवीत. शाळेत सिमेंटचं कोर्ट, रिंगला जाळी नाही, त्यामुळे चेंडू आत गेला का बाहेरून गेला यावरून रोज भांडणं. संध्याकाळी पाचला मुलांचा सराव सुरू झाला की मुलींनी कोर्ट सोडायचं असा अलिखित नियम होता. ताई शाळेच्या पांढऱ्या कॅनव्हास बुटांत खेळायची. त्या वर्षी त्यांचा संघ जिल्ह्यात पहिला आला आणि विभागीय स्पर्धेला कोल्हापूरला जायचं ठरलं. एसटीने, पी.टी.च्या सरांबरोबर, दोन दिवस. बाबा वाईट नव्हते, हो म्हणाले होते. फक्त एकच अट, सोबत घरचं कुणीतरी हवं. आईला रजा मिळेना. मग ठरलं की मी जायचं. तेरा वर्षांचा मी, पंधरा वर्षांच्या बहिणीची सोबत. आपल्या घरांत हे विनोदी वाटत नाही.

त्या शनिवारी आमची गल्लीतली मॅच होती, मागच्या गल्लीशी. मी म्हणालो, मला नाही जमणार, आणि तिथे बसून मी काय बघू?

बस. एवढंच झालं. कुणी रडलं नाही, आदळआपट झाली नाही. ताई गेली नाही. दहावी आली, क्लास आला, बास्केटबॉल संपलं. मी त्या शनिवारी किती धावा केल्या तेही आठवत नाही. काकांचा तो ‘बघतं कोण’ वाचून मी ग्रुपवर का पेटलो याचं कारण मी बायकोला अमेरिकेतल्या आकड्यांत समजावत होतो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ताईंना फोन केलास का?

केला नाही. ताईसमोर माझी अजूनही टरकते. ती सांगलीत बँकेत आहे, गुडघे दुखतात, जिने चढताना दोन पायऱ्या चढून थांबते. दोन वर्षांपूर्वी इकडे आली होती तेव्हा तिला कार्व्हरला नेलं होतं, आजींच्या खुर्चीवर बसवलं. मला वाटलं हेलावून जाईल, काहीतरी बोलेल. ती खाली वाकून बराच वेळ फरशी बघत होती. म्हणाली, लाकडाचं आहे ना रे? मग गुडघ्याला लागत नसेल. आणि दुसऱ्या क्वार्टरपासून आजींच्या बरोबरीने ओरडायला लागली. दोघींची भाषा वेगळी, शिव्या बहुधा त्याच असाव्यात.

गेल्या शनिवारी रात्री झोपायच्या तयारीत असताना ताईचा फोन आला. तिकडे रविवारची सकाळ. आदल्या दिवशी ती काकांच्या नातीबरोबर कोल्हापूरला जाऊन आली होती. काकांना कुणी विचारलं का, मी म्हणालो. ‘विचारायचं कशाला? सोबत हवी होती, मी गेले. क्लासला निरोप दिला की पोटात दुखतंय. आत्याने खोटं बोलायचं नाही तर कुणी?’ मग तिने एक व्हिडिओ पाठवला. त्यात बहुतेक वेळ सिमेंट, कुणाची तरी पाण्याची बाटली आणि ताईच्या चपला दिसतात. फोन हातात आहे हे ती विसरलेली आहे. मागून तिचाच आवाज, पास दे, पास दे, अगं उजवीकडे बघ की! रिंगला जाळी होती, निळी.

‘काय झालं शेवटी?’

‘हरलो. दोन पॉइंटने. रेफरीने घालवली रे मॅच. शेवटच्या मिनिटाला आपली पोर नुसती उभी होती स्क्रीनला, जागची हलली नाही, आणि याने शिट्टी मारली. फाउल! सांग तू, असा फाउल देतात का कधी शेवटच्या मिनिटाला?’

मी व्हिडिओ परत लावला. त्या क्षणी कॅमेरा चपलांवर होता.

‘नाही देत,’ मी म्हणालो. ‘कुठेच देत नाहीत.’